बावीस दात्यांचा चढ

माझ्या सायकलच्या मागच्या हबवर दोन माणसांची नावं ठोकलेली आहेत, स्टर्मी आणि आर्चर. हबच्या पोटातलं यंत्र ज्याच्या डोक्यातून निघालं त्या विल्यम रायलीचं नाव मात्र त्यावर कुठेच नाही. मी साताऱ्याच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलो, भोसरीला टूलरूममध्ये उमेदीची वर्षं काढली आणि बायकोच्या नोकरीमुळे शेफील्डला येऊन स्थिरावलो. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हा प्रकार शॉपफ्लोअरवर पुष्कळ पाहिला आहे. म्हणूनच की काय, रायलीची गोष्ट माझ्या मनाला लागते. शिवाय चढाच्या गावात तीन गिअरची सायकल कशी चालवावी हे सांगायचं, तर त्याने काय केलं आणि कारखान्याने त्यात काय ठरवलं हे वेगळं करून पाहावंच लागतं.

रायली मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डचा. १८९० च्या दशकात त्याने दोन गिअरचं हब काढलं आणि ते ‘द हब’ याच नावाने विकलं गेलं. पण त्या कंपनीशी केलेल्या करारात एक कलम होतं, पुढे तो गिअरचं जे काही नवं काढील त्यावर हक्क कंपनीचा. त्यामुळे तीन गिअरचं हब जमलं, तेव्हा स्वतःच्या नावाने पेटंट घेणं म्हणजे ते आयतं कंपनीच्या हवाली करणं होतं. पेटंट निघालं ते त्याचा सहकारी जेम्स आर्चर याच्या नावाने. इकडे हेन्री स्टर्मी या पत्रकारानेही तीन गिअरचं आपलं एक हब रचलेलं होतं. ‘द सायक्लिस्ट’ आणि ‘द ऑटोकार’चा हा संपादक, सायकलींच्या जगात त्याच्या शब्दाला वजन होतं. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचा मालक फ्रँक बाउडन याने दोन्ही रचनांचे हक्क घेतले आणि १९०२ साली तीन गिअरच्या हबसाठी वेगळी कंपनी उभी केली. कारखान्यात घडवायला घेतलं ते रायलीचं हब आणि शिक्का बसला स्टर्मी-आर्चर. टोनी हॅडलंडने १९८७ साली या कंपनीचा इतिहास लिहिला, त्यात हे सगळं उलगडून सांगितलं आहे. माझ्या मते सायकलच्या इतिहासातल्या मोठ्या अन्यायांपैकी हा एक आहे.

बाउडनबद्दल मात्र मला आदर आहे. हाँगकाँगमध्ये पैसा कमावून तो आजारी होऊन परतला, डॉक्टरने सायकल चालवायला सांगितली, तब्येत सुधारली आणि ज्या छोट्या कारखान्याची सायकल घेतली होती तो कारखानाच त्याने विकत घेतला. रॅले हे नाव मी लहानपणी साताऱ्यातच ऐकलं होतं. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता, त्या सायकली आपल्याकडेही दिसत. पण त्या बिनगिअरच्या. चढ आला की उतरायचं आणि हँडल धरून चालायचं, साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या चढाला लागणाऱ्या कुणालाही यात कमीपणा वाटत नसे.

आता हबच्या पोटात शिरू या. कंपनीने १९०२ नंतर बरीच मॉडेलं काढली, पण जगभर पसरलं ते १९३६ साली आलेलं ‘एडब्ल्यू’. जुन्या हबवर ही अक्षरं आणि शेजारी ते कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात घडलं त्याचे आकडे ठोकलेले असतात. हे हब उघडलं की मधोमध एक्सललाच कोरलेलं वीस दात्यांचं चक्र दिसतं, ते जागचं हलत नाही. त्याच्याभोवती वीस-वीस दात्यांची चार छोटी चक्रं एका पिंजऱ्यात बसवलेली आणि त्या सगळ्यांना बाहेरून वेढणारं, आतल्या बाजूने साठ दाते असलेलं कडं. बस, एवढंच. साखळीचा जोर पिंजऱ्याला दिला आणि कड्याकडून चाकाला घेतला तर चाक साखळीच्या चक्रापेक्षा एक तृतीयांशाने जास्त फिरतं, हा तिसरा गिअर. जोर कड्याला दिला आणि पिंजऱ्याकडून घेतला तर पाऊण पटीने फिरतं, हा पहिला. दुसऱ्या गिअरमध्ये जोर कड्यातून थेट चाकाला जातो, छोट्या चक्रांवर भार येतच नाही, त्यामुळे त्यात घर्षण सगळ्यांत कमी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये आतल्या कुत्र्यांची, म्हणजे एकाच दिशेला अडकणाऱ्या खिट्ट्यांची, भिंतीवरच्या घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. पहिल्या गिअरमध्ये ती बंद होते. कान तयार झाला की खाली न बघता कुठला गिअर पडला आहे ते कळतं.

टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला हे यंत्र पाहून हात जोडावेसे वाटतात. पावसात, चिखलात, रस्त्यावर टाकलेल्या मिठात ते बंद डब्यात सुखरूप फिरत राहतं. हबवरच्या छोट्या भोकातून अधूनमधून पातळ तेलाचे थेंब सोडायचे, एवढीच त्याची मागणी. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला याहून चांगलं काही मिळालं असेल असं मला वाटत नाही.

मग शेफील्डच्या चढावर ते इतकं जड का चालतं?

याचं उत्तर हबच्या बाहेर आहे. रॅलेच्या तीन गिअरच्या नेहमीच्या सायकलला पुढे ४६ किंवा ४८ दात्यांचं चेनव्हील आणि मागे १८ दात्यांचं स्प्रॉकेट येई. इंग्रज सायकलवाल्यांची मोजायची एक जुनी रीत आहे. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास इंचात. २६ इंची चाकावर ४६ आणि १८ धरले तर दुसरा गिअर येतो सुमारे ६६ इंच. बिनगिअरच्या सायकलला लोक ज्या ओढीला सरावले होते तीच ही. म्हणजे नेहमीची ओढ मध्ये ठेवली आणि वर-खाली एकेक पायरी जोडली. तिसरा गेला ८९ इंचांजवळ. इतका जड गिअर सपाट रस्त्यावर वारा पाठीशी असतानाच चालवता येतो. आणि पहिला आला ५० इंच, जो खऱ्या चढावर पुरत नाही. तीन गिअर असून एक बिनकामाचा आणि एक अपुरा! दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला वेग विकणं सोपं असतं, असा माझा तर्क आहे. शिवाय हे ठरवणारी माणसं रोज ज्या रस्त्याने कारखान्यात येत तो लेंटनचा भाग लीन नदीकाठचा, सखल. नॉटिंगहॅमला किल्ल्याचा खडक आहे, वरच्या अंगाला चढही आहेत, पण शेफील्डसारखं प्रत्येक घराच्या दारात चढ उभा नाही.

शेफील्डच्या पोलाद गिरण्या डॉन नदीच्या खोऱ्यात होत्या, अटरक्लिफ, ब्राइटसाइड या पट्ट्यात, आणि घरं टेकड्यांवर. म्हणजे सकाळी उतार आणि दिवसभर भट्टीपुढे राबून झाल्यावर चढ. आमच्या वॉकलीजवळच्या ब्लेक स्ट्रीटवर पायी चढणाऱ्यांसाठी कडेने लोखंडी कठडा लावला आहे. २०१४ च्या टूर द फ्रान्सचा दुसरा टप्पा यॉर्कहून शेफील्डला आला तेव्हा शेवटच्या काही किलोमीटरांत स्पर्धकांना जेन्किन रोडवर चढवलं होतं. तिथला चढ सगळ्यांत तीव्र जागी ३३ टक्के सांगतात. तिथे मीही सायकल हाताने नेतो आणि प्रत्येकाला तेच सांगतो. पण रोजच्या वाटेवरचे आठ-दहा टक्क्यांचे चढ सोडून द्यायचे कारण नाही.

इंग्लंडमधल्या सायकलवाल्यांना चढांची भीती आधी उताराच्या बाजूने होती. १८७८ साली हॅरोगेटला स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या क्लबने पुढे तीव्र उतारांच्या तोंडाशी धोक्याच्या पाट्या लावल्या. तेव्हा पायडल चाकाबरोबर फिरतच राही, ब्रेक यथातथाच. एकोणिसावं शतक संपता संपता फ्रीव्हील रुळलं, ब्रेक सुधारले आणि मग कुठे लक्ष चढाकडे वळलं. सखल भागातल्या कारखान्याने दिलेलं यंत्र डोंगराळ गावात कसं वापरायचं, हे त्यानंतर ज्याचं त्याने पाहिलं.

आमच्या भागात जुन्या सायकली दुरुस्त करून देणारी एक शेड आहे, शनिवारी मी तिथे असतो. तिथे एक वयस्क गृहस्थ येत. जन्मभर गिरणीत काम केलेले, वडीलही गिरणीतलेच. मागचं स्प्रॉकेट बदलण्याची युक्ती मला त्यांच्याकडून कळली. त्यांच्या घरात तिला युक्ती म्हणतच नसत. नवी सायकल आली की आधी अठराचं काढायचं आणि मिळेल ते मोठ्यातलं मोठं बसवायचं, एवढं सरळ. स्टर्मी-आर्चरच्या यादीत बावीसपर्यंतची स्प्रॉकेटं असत. कंपनीने चढासाठीचा उपाय बनवला होता, विकलाही होता, फक्त सायकलवर तो बसवून दिला नव्हता.

अठराच्या जागी बावीस लावलं की काय होतं ते पाहा. ४६ ला २२ ने भागून २६ ने गुणलं, दुसरा गिअर आला ५४ इंच. तिसरा ७२ च्या वर, पहिला ४१ च्या आत. आता तिसरा गिअर सपाटीवर रोज वापरता येतो, दुसरा साध्या चढाला, आणि पहिला खऱ्या चढाला राखून. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल आधी पहिल्या गिअरमध्ये जवळजवळ चार मीटर पुढे जायची, आता सव्वातीन मीटर जाते. पायावरचा जोर अठरा टक्क्यांनी उतरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीने चार गिअरचं ‘एफडब्ल्यू’ हब आणलं, त्याचा सर्वांत हलका गिअर दोन तृतीयांशाचा. पण तेच हब अठराच्या स्प्रॉकेटवर लावलं तर ४४ इंचांवरच थांबतं. म्हणजे जास्त पैसे मोजून घेतलेल्या चौथ्या गिअरपेक्षा चार दाते जास्त असलेलं लोखंडाचं चक्र चढावर सरस ठरतं! हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा त्या म्हाताऱ्या गिरणीवाल्यांबद्दल मला फार आपुलकी वाटली.

बर्मिंगहॅमच्या सायक्लो कंपनीने आणखी एक मार्ग काढला होता. हबवर एकाऐवजी दोन किंवा तीन स्प्रॉकेटं आणि साखळी सरकवायला डिरेलर, म्हणजे तीनाचे सहा किंवा नऊ गिअर. लांबच्या सहलींना जाणाऱ्यांना तो आवडला. कामावर जाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्यात हबचा मूळ गुणच जातो, यंत्र पुन्हा उघड्यावर येतं. मला तो पटत नाही.

काम अवघड नाही. १९५० च्या आसपासपर्यंत स्प्रॉकेट आट्यांवर घट्ट बसलेलं असे, ते काढताना घाम निघे. नंतर कंपनीने तीन खाचांची पद्धत आणली. चाक काढून आडवं ठेवायचं, पातळ स्क्रू ड्रायव्हर स्प्रॉकेट धरून ठेवणाऱ्या सर्क्लिपच्या तोंडात घालून ती उचकायची. ती उडते, म्हणून वर चिंधी टाकायची. स्प्रॉकेट सरळ हातात येतं. ते बहुधा थोडं खोलगट असतं, फुगवटा आत की बाहेर हे बघून ठेवायचं, कारण साखळी पुढच्या चेनव्हीलच्या रेषेत धावली पाहिजे. नवं बसवून सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का हे नखाने चाचपायचं. चार दाते वाढले की साखळीला कड्यांची एक जोडी जास्त लागते, म्हणजे एक इंच. पुढचं चेनव्हील लहान करूनही हाच परिणाम साधतो, पण जुन्या सायकलला ते क्रँकशी एकजीव असतं आणि क्रँक कॉटरने धरलेली. साठ वर्षं न हललेली कॉटर ठोकून काढणं काय असतं ते साताऱ्याच्या पंक्चरवाल्यालाही माहीत आहे आणि शेफील्डच्याही.

यानंतरचं काम लोक विसरतात आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. एडब्ल्यूमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक पोकळ जागा आहे. केबल नीट ताणलेली नसेल तर जोर देताना यंत्र त्या पोकळीत सटकतं, पायडल एकदम रिकामं फिरतं आणि उभं राहून चढणारा माणूस दांडीवर आपटतो. म्हणून आधी खटका दुसऱ्या गिअरवर ठेवायचा. उजव्या बाजूच्या लांब नटला एक छोटी खिडकी असते. गिअरच्या केबलला जोडलेल्या बारीक साखळीच्या दोन-तीन कड्या एक्सलमध्ये जातात त्या एका दांडीला जोडलेल्या असतात, त्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत यायला हवा. आत नाही, बाहेर नाही. मग केबलचा खाचेदार नट (नर्ली) घट्ट करून मागचं चाक फिरवत तीनही गिअर दोन-तीनदा टाकून बघायचे. केबल ढिली म्हणजे तिसरा, ताणलेली म्हणजे पहिला, हेही ध्यानात ठेवावं. ती चढावर तुटली तर सायकल सगळ्यांत जड गिअरमध्ये जाऊन बसते. म्हणून केबलचा एक जरी तंतू सुटलेला दिसला तरी मी ती बदलूनच देतो.

हबवरची अक्षरंही वाचायची. पन्नासच्या दशकात कंपनीने एडब्ल्यूच्या जागी ‘एसडब्ल्यू’ नावाचं वेगळ्या रचनेचं हब आणून पाहिलं. ते जोराखाली सटकायचं आणि काही वर्षांत बाद झालं. अजून ते जुन्या सायकलींवर भेटतं. चढाच्या गावात त्यावर मेहनत घेऊ नये, सरळ एडब्ल्यूचं चाक शोधावं.

हबचं हे झालं, आता कारखान्याचं. १९५१ च्या सुमाराला रॅले वर्षाला दहा लाखांहून अधिक सायकली बनवत होती. कादंबरीकार अ‍ॅलन सिलिटो पोरवयात त्याच कारखान्यात कामाला होता. त्याच्या १९५८ सालच्या कादंबरीतला आर्थर सीटन तिथेच लेथवर उभा आहे आणि १९६० साली त्यावर निघालेल्या सिनेमात तो कारखाना आतून दिसतो. मी तो सिनेमा गोष्टीसाठी कमी आणि मागच्या यंत्रांसाठी जास्त पाहिला आहे. त्याच वर्षी रॅले टीआय समूहात गेली. शतक संपताना सगळंच आवरत आलं. २००० साली स्टर्मी-आर्चर विकली गेली, घेणारी कंपनी काही आठवड्यांतच कोसळली आणि यंत्रसामग्री तैवानच्या सनरेसने उचलली. रॅलेच्या जुन्या जागेवर आता विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस आहे. तैवानमध्ये मात्र तीन गिअरचं हब आजही बनतं आणि त्याचं प्रमाण तेच आहे, पाऊण, एक आणि एक पूर्णांक एक तृतीयांश. तीन खाचाही त्याच आहेत, त्यामुळे आज घेतलेलं स्प्रॉकेट साठ वर्षांपूर्वीच्या हबवर बसतं.

एक इशारा द्यायला हवा. मागचं चक्र मोठं केलं की पायावरचा भार कमी होतो, पण पाय पूर्वीइतक्याच जोराने मारला तर हबच्या पोटातल्या दात्यांवरचा पीळ वाढतो, अठराचे बावीस केले तर बावीस टक्क्यांनी. एडब्ल्यू तो सहज सोसतं. हल्लीच्या सात-आठ गिअरच्या हबचं तसं नाही, आत चक्रं जास्त आणि बारीक. म्हणून बनवणारे पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या प्रमाणाला खालची मर्यादा घालून देतात. जर्मनीच्या रोलॉफचं चौदा गिअरचं हब तर ५२६ टक्क्यांचा पल्ला देतं, पण मर्यादा तिथेही आहे. ती वाचल्याशिवाय पान्हा हातात घेऊ नये.

मध्यंतरी शेडवर कोल्हापूरची एक मुलगी आली. नर्स आहे, हॉस्पिटल टेकडीवर, ड्यूटी पहाटेची. डच धाटणीची सायकल, तीन गिअरचं हब, साखळीला पूर्ण बंद केस. म्हणाली, “काका, विकून टाकू का ही? वरपर्यंत जातच नाही.” मी म्हटलं, थांब, आधी मोजू या. मागे अठराच होतं. बावीसचं लावलं तर चक्र प्रत्येक बाजूने आठ मिलिमीटरने वाढतं आणि केसच्या आत तेवढी जागा नव्हती. विसाचं लावलं तर चारच मिलिमीटर लागतात, तेवढी होती. पावसाळी हवेत तिला केस हवीच होती, म्हणून विसाचं बसवलं, केबल लावून दिली आणि खालच्या कोपऱ्यापासून वरच्या गेटापर्यंत बरोबर जाऊन बघितलं. मधल्या वळणावर ती अजून उतरते. उन्हाळ्यात केस काढून बावीसचं लावायचं ठरलं आहे, स्प्रॉकेट आणून ठेवलं आहे.